रात्रीचा वर्ग आणि घरची ओसरी



अंगठा दिल्यावर माणूस काय करतो, हे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? बोटाला लागलेली ती जांभळी शाई तो डोक्याच्या केसांना पुसतो. नाहीतर जवळच्या खांबाला, भिंतीला पुसतो. आमच्या तालुक्याच्या जुन्या कचेरीत खिडकीशेजारच्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीवर, असा एक जांभळट पट्टा होता. चुना कितीदा मारला तरी वर्षभरात तो पुन्हा उमटायचा. इतिहास शिकविणे हा माझा व्यवसाय. आम्ही मंडळी शिलालेख शोधीत डोंगर चढतो, आणि आपल्याच पिढ्यांनी बोटाने लिहिलेला हा लेख कोणी उतरून घेत नाही. आता तर ती कचेरी पाडून नवी झाली. असो.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते ह्या जांभळ्या शाईपासून सुटू पाहणाऱ्या माणसांविषयी, म्हणजे आपल्याकडच्या प्रौढांच्या वर्गांविषयी. ह्या वर्गांचा इतिहास सांगताना बहुधा सरकारी ठराव, समित्या आणि योजना ह्यांचीच यादी वाचून दाखविली जाते. ठराव महत्त्वाचे खरेच. पण मी जसजसा ह्या विषयात शिरलो तसतसे मला दिसू लागले की मोठ्या माणसाच्या वर्गाचे भवितव्य कचेरीपेक्षा घरात ठरते. चूल कधी विझते, जनावराची धार कोण काढते, सासूबाई काय म्हणतात, आणि शिकलेले अक्षर उद्या कशासाठी उपयोगी पडणार आहे, ह्या चार गोष्टींवर तो वर्ग चालतो किंवा बंद पडतो. हे माझे म्हणणे तुम्हांला पटते का ते पाहा. तुमच्या गावचा अनुभव वेगळा असेल, तर त्याचाही विचार करायला हवा.

आरंभ पुण्यातल्या एका घरापासून करू. जोतीराव फुले आणि सावित्रीबाई ह्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, हे पाठ्यपुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्याही आधीचा एक वर्ग आहे आणि त्याला पटावर नाव नाही. १८४० साली लग्न होऊन आलेल्या सावित्रीबाईंना जोतीरावांनी स्वतः शिकविले. म्हणजे पहिला वर्ग घरातलाच, आणि विद्यार्थिनी घरातलीच. आणि पहिली शिक्षाही घरातच झाली! १८४९ साली ह्या दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. पुढे १८५५ साली त्यांनी शेतकरी आणि मजूर ह्यांच्यासाठी रात्रीची शाळा सुरू केली, तीही आपल्या राहत्या घरात. दिवसभर राबलेला माणूस दिवसा शाळेत येऊ शकत नाही, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. पण शाळेची वेळ माणसाच्या कामावरून ठरवावी, शाळेच्या घंटेवरून माणसाला ओढू नये, हे कोणाच्या तरी ध्यानात प्रथम यावे लागते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले, त्यात खेड्यातल्या मुलांना मोडी आणि बालबोध वाचता यावे, हिशेब यावा, शेतीची तोंडओळख व्हावी, आणि शिक्षक असा असावा की ज्याला नांगराची मूठ धरण्याची लाज वाटणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षक मित्रहो, मोडीचा आग्रह कशासाठी, ते लक्षात घ्या. सावकाराचे आणि कुळकर्ण्याचे कागद मोडीत असत. ज्या लिपीत माणसाला फसविले जाते, ती लिपी त्याला आधी आली पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

दुसरे घर न्यायमूर्ती रानड्यांचे. रमाबाई माहेरच्या कुर्लेकर. गाव देवराष्ट्रे, म्हणजे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. रानडे रात्री त्यांना शिकवीत. दिवसा मात्र त्याच घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यांना टोचून बोलत, अबोला धरीत. ही सारी हकीकत रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. शिक्षकांनी हे पुस्तक जरूर वाचावे. मला त्यातली खरी गोष्ट वाटते ती अशी, की बायकोला शिकवायला तयार असलेला नवरा पुरेसा नसतो. त्या घरातल्या आत्या, मावश्या, जावा, नणंदा ह्यांना वर्गाबाहेर ठेवले, तर वर्गात बसणाऱ्या एकटीला त्या सगळ्यांचा राग सोसावा लागतो. बिचाऱ्यांना तरी काय दोष द्यावा? आपल्याला जे कोणी कधी देऊ केले नाही, ते काल आलेल्या पोरीला मिळताना त्यांनी पाहिले.

रमाबाईंनी हा धडा पक्का ध्यानात ठेवला असावा. १९०९ साली पुण्यात त्यांनी आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी सेवासदन उभे केले. त्यात मोठ्या वयाच्या बायकांसाठी, संसार करणाऱ्या आणि विधवा, अशा दोघींसाठी वर्ग होते. शिवण होते, शुश्रूषेचे शिक्षण होते. बाई घराबाहेर पडली ती नुसती अक्षरे घोकायला नाही, तर उद्या हाताशी काही यावे म्हणून, असे तिला घरात सांगता येऊ लागले. अक्षराबरोबर असे काहीतरी दिसणारे, वाजणारे घरी आले, म्हणजे दार उघडते. नुसत्या अक्षराला आपल्याकडे पुष्कळ दिवस दार उघडले जात नव्हते.

मुंबईची तऱ्हा निराळी. तिथे घाटावरचा आणि कोकणातला माणूस गिरणीत आला होता. एका खोलीत दहा-पंधराजण, बायकामुले गावाकडे. नारायण मल्हार जोशी ह्यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. त्या संस्थेने कामगारवस्तीत रात्रशाळा चालविल्या, वाचनालये काढली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्याही नेल्या. पेटी फिरती ठेवणे ही मोठी शहाणपणाची गोष्ट होती. तिच्याकडे आपण पुढे पुन्हा वळू. १९३७ साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि प्रौढशिक्षण हा सरकारचाही विषय झाला. १९३९ साली मुंबई शहरात साक्षरतेची मोठी मोहीम निघाली आणि त्यासाठी समिती नेमली गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. शहरातले वर्ग मात्र पुढेही चालत राहिले.

आता साताऱ्याकडे येऊ, कारण आजच्या गोष्टीचा गाभा तिथे आहे.

देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या पहिल्या शिरगणतीत, १९५१ साली, भारतात शंभरातली अठरा माणसे साक्षर निघाली. बायका पाहिल्या तर शंभरात नऊसुद्धा नव्हत्या. एवढ्या मोठ्या डोंगराला सुरुंग कुठून लावायचा? बहुतेक ठिकाणी पद्धत अशी होती की गावात एक वर्ग काढायचा, वीस-पंचवीस नावे लिहायची, शिक्षकाला थोडे मानधन द्यायचे. पहिल्या महिन्यात वर्ग भरे, सुगी आली की ओस पडे, आणि अहवाल मात्र पूर्ण होई.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात वेगळा विचार झाला. एकेकटा माणूस धरायचा नाही, गाव धरायचे. चौदा ते पन्नास वयाच्या प्रत्येक निरक्षर स्त्रीपुरुषाला काही महिन्यांत वाचता-लिहिता आले पाहिजे, आणि ते गावानेच करायचे. शिकविणार कोण? गावच्या शाळेचे मास्तर, शिकलेली तरुण मंडळी, आणि वरच्या वर्गातली मुले. मोबदला नाही. ह्या कामाला ‘ग्रामशिक्षण मोहीम’ असे नाव पडले. गाव पुरते साक्षर झाले म्हणजे ‘ग्रामगौरव समारंभ’ व्हायचा. हा समारंभ म्हणजे एखाद्या जत्रेसारखाच! रस्ते झाडले जायचे, तोरणे लागायची, पाहुणे यायचे, आणि काल-परवापर्यंत अंगठा देणारी माणसे सगळ्यांसमक्ष वाचून दाखवायची.

ही मोहीम साताऱ्यातच का उगवली? माझ्या मते त्याची दोन-तीन कारणे आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली ती साताऱ्यास आली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत त्या शाळांतून आणि वसतिगृहांतून बहुजन समाजातली पुष्कळ मुले शिकून बाहेर पडली आणि त्यांतली कितीतरी गावोगावी मास्तर झाली. म्हणजे शिकविणारा माणूस परका नव्हता; तो भावकीतला नाहीतर शेजारगावचा होता. दुसरे म्हणजे सत्यशोधकी जलसे, गाडगेमहाराजांची कीर्तने, ह्यांनी जमीन आधीच नांगरून ठेवली होती. गाडगेमहाराजांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि पोरांना शाळेत घाला, हे त्यांच्या कीर्तनाचे पालुपद होते. निरक्षर माणसाने सांगितलेले विद्येचे महत्त्व लोकांना अधिक पटले, ह्यात नवल नाही. आणि तिसरी गोष्ट योगायोगाची म्हणा: रमाबाई रानड्यांच्या त्याच देवराष्ट्रे गावात १९१३ साली जन्मलेले यशवंतराव चव्हाण त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या मातोश्री विठाईंना अक्षरओळख नव्हती. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर ही मोहीम इतर जिल्ह्यांत नेली गेली, आणि १९७२ साली युनेस्कोनेही तिचा गौरव केला.

पण मी गौरवाची गोष्ट सांगायला बसलेलो नाही. ह्या मोहिमेतला एक वर्ग मला घरातून ठाऊक आहे. ती हकीकत सांगतो.

माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. आजी गावी, सासू, सासरे, एक धाकटा दीर, दोन म्हशी आणि कोरडवाहू जमीन. आजोबांचे पत्र महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. आजीला वाचता येत नसे. मग ते पत्र ओसरीवर मोठ्याने वाचले जायचे. वाचणारे कधी मास्तर, कधी टपालवाला. ऐकणारे सगळे घर, शिवाय शेजारचे दोघे-चौघे. विचार करा, मंडळी, नवऱ्याचे पत्र आणि ते पंचवीस कानांनी ऐकायचे! आजोबांनाही हे माहीत होते. त्यामुळे पत्रात सगळ्यांना नमस्कार असे, म्हशीची चौकशी असे, पावसाची चौकशी असे, आणि बायकोसाठी एक अक्षर नसे. उत्तर लिहायचे तर तेही दुसऱ्याच्या हाताने. सासूने काय सांगायचे ते सांगावे, आजीने चौकटीआड उभे राहावे. ‘तुला काही लिहायचं का गं?’ असे कोणी विचारले तर ‘नाही, सगळं आलं त्यात’ एवढेच तिचे उत्तर.

साठ-बासष्ट सालच्या सुमारास मोहीम आमच्या गावात आली. पुरुषांचा वर्ग देवळात, बायकांचा आमच्या भावकीतल्या एका घराच्या ओसरीवर, कंदिलाच्या उजेडात. आजीचे नाव यादीत होते, पण पहिले आठ-दहा दिवस ती गेली नाही. का, तर रात्री वर्गाच्या वेळेला धार काढायची असे. कोणी फार विचारही केला नाही. मग मास्तरांनी एक युक्ती केली. ते आजीला काही बोललेच नाहीत; त्यांनी पणजीला बोलावले. पन्नाशी उलटून गेलेली असल्याने पणजीचे नाव यादीत नव्हते. मास्तर तिला म्हणाले, “आत्याबाई, तुमचं वय यादीत बसत नाही, पण तुम्ही नुसत्या येऊन बसा. तुम्ही बसलात तर बाकीच्या गोंधळ करणार नाहीत.” झाले! पणजी रोज जाऊ लागली, आणि सासू ओसरीवर बसलेली असताना सून घरी कशी राहणार? धार काढायचे काम पणजोबांकडे आले. हे सारे आजीच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकले आहे की पणजोबांनी पहिल्या रात्री म्हशीची लाथ खाल्ली, तेही मला डोळ्यांपुढे दिसते.

घरी सराव घ्यायला दीर होता. तो शाळेत जाणारा, बारा-तेरा वर्षांचा. चुलीपुढे राख पसरून त्यावर काटकीने तो अक्षर काढून द्यायचा आणि म्हणायचा, “वैनी, ह्याला कान्हा द्या.” चुकले की राखेवर हात फिरवायचा. पाटी फुटण्याची भीती नाही, पेन्सिलीचा खर्च नाही. भाकरी थापता थापता शिकता येते. शिक्षक मित्रहो, अध्यापनपद्धतीची पुस्तके मीही वाचली आहेत, पण ह्या राखेच्या पाटीला तोड नाही.

चार-पाच महिन्यांनी ग्रामगौरव झाला. आजीने काय वाचले ते तिला पुढे आठवत नसे. लुगडे मात्र कोणते नेसली होती ते आठवे. खरा समारंभ त्यानंतर झाला. तिने स्वतःच्या हाताने मुंबईला पत्र लिहिले. आजोबा चौथी शिकलेले होते. त्यांनी ते वाचले आणि उलट टपाली उत्तर आले. त्या उत्तराची खूण अशी, की अक्षरे नेहमीपेक्षा दुप्पट मोठी आणि सुटी सुटी काढलेली होती. तिला वाचायला सोपे जावे म्हणून. मोठ्याने वाचायला ते पत्र आजीने कोणाच्याही हातात दिले नाही. पणजीला राग आला. दोन दिवस अबोला होता. मग आजीने नमस्कार आणि म्हशीची चौकशी तेवढी वाचून दाखविली, आणि घर शांत झाले.

ह्याच काळात आणखी एक प्रयोग झाला आणि आपण रेडिओवरचे लोक असल्यामुळे तो सांगितलाच पाहिजे. १९५३ साली पुण्याचे केंद्र सुरू झाले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने ह्या केंद्रावरून पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांसाठी दहा आठवडे खास कार्यक्रम झाले. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे श्रोतेमंडळ एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, मग चर्चा करायचे, आणि अडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ह्या प्रयोगाची पाहणी केली आणि ज्या गावांत अशी मंडळे बसली तिथल्या लोकांना इतर गावांपेक्षा पुष्कळच अधिक समजले, असे दिसून आले. १९५९ पासून हीच पद्धत देशभर नेण्यात आली. लिहिता न येणारा माणूसही विचार करतो, प्रश्न विचारतो, ठराव करतो, हे ह्या प्रयोगाने दाखविले. पण ह्या मंडळांत बसणारे बहुतेक पुरुषच होते. बाईला ऐकू यायचे ते भिंतीपलीकडून, भांडी घासता घासता. ओसरीवरच्या वर्गाने जे साधले, ते चावडीवरच्या रेडिओला साधले नाही.

मग एवढी यशस्वी मोहीम, तिचे पुढे काय झाले? ह्या प्रश्नाचे उत्तर देताना कार्यकर्तेच कबूल करीत की शिकलेली माणसे पुन्हा विसरू लागली. मोहिमेच्या आखणीत पुढचा टप्पा होता. नवसाक्षरांसाठी मोठ्या टायपातली पुस्तके निघाली, फिरत्या पेट्यांची कल्पनाही होती. १९६७ साली राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. पण ग्रामगौरवाला जेवढे पाहुणे आले, तेवढी पुस्तके पुढे आली नाहीत. समारंभाचे छायाचित्र निघते, हो. संध्याकाळी कंदिलाजवळ एकटी बाई पुस्तक वाचते त्याचे कोण काढणार? मला सर्वांत मोठी चूक वाटते ती मोजण्याची. आपण साक्षर झालेली डोकी मोजली. तीन वर्षांनी त्यांतली किती वाचतात, हे मोजायला कोणी गेले नाही.

आजीचेच पाहा. जोवर पत्रे येत होती तोवर ती वाचत होती, लिहीत होती. वीस वर्षे हा व्यवहार चालला. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. काही महिन्यांनी आजोबा पेटी घेऊन गावी आले ते कायमचे. घरात आनंद झाला असेल, चिंताही झाली असेल; पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. पत्रे थांबली. ज्या एका माणसाकडून अक्षरे यायची, तोच माणूस आता समोर ओसरीवर बसला होता! गिरणीच्या संपाने काय काय बुडाले ह्याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञ मांडतात. त्यात माझ्या आजीचे वाचन धरलेले नाही.

मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा तिला सही येत होती, एस.टी.ची पाटी अंदाजाने ओळखता येत होती, आणि फार तर देवाची नावे. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो. ती कधी ते पान हातात घेऊन बोट ठेवीत वाचू लागायची, “आ... ज... चा...” आणि मला धीर नसायचा. “दे गं इकडे, मी वाचतो,” म्हणून मी ते तिच्या हातातून ओढून घ्यायचो. तिच्या दिराला बाराव्या वर्षी जो धीर होता, तो मला नव्हता, आणि पुढे मी शिक्षक झालो! घरात शिकलेले पोर असले की म्हाताऱ्या माणसांना वाचायची गरज उरत नाही, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ती गरज आपण काढून घेतो.

नंतरचा इतिहास तुमच्या डोळ्यांसमोरचा आहे, तो थोडक्यात सांगतो. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. कलापथके आली, पदयात्रा निघाल्या, जिल्हेच्या जिल्हे साक्षर करण्याची चढाओढ लागली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरात ब्याऐंशी माणसे साक्षर निघाली. पुरुष अठ्ठ्याऐंशी, बायका पंचाहत्तरच्या वर. हा फरक आहे तो बहुतांशी आपल्या आया आणि आज्या ह्यांचा आहे, हे विसरू नका. २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला गेला, आणि १७ मार्च २०२४ रोजी आपल्या राज्यात पंधरा वर्षांवरील असाक्षरांची दीडशे गुणांची परीक्षा झाली. पुष्कळ ठिकाणी सासवा-सुना एका बाकावर बसल्या. ह्या परीक्षेबद्दल शिक्षकांत बरीच कुरकुर झाली. आधीच कामे थोडी आहेत का, असे ते म्हणाले. कुरकुर खोटी नाही. पण म्हणूनच मला ठाणे जिल्ह्यातल्या एका गावाचे उदाहरण सांगावेसे वाटते.

मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहान गाव आहे. तिथल्या प्राथमिक शिक्षकाने ८ मार्च २०१६ रोजी साठी उलटलेल्या बायकांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ काढली. शिवजयंतीला गावात पारायण चालू असताना ‘आम्हांलाही पोथी वाचता आली असती तर’ असे आज्यांनीच बोलून दाखविले, तेव्हा ही कल्पना निघाली, असे सांगतात. गणवेश म्हणून गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर. वर्गाची वेळ दुपारची. म्हणजे घरची आणि शेतातली कामे उरकून, दोन ते चार. शिकविणारी गावचीच सून, आणि विद्यार्थिनींत तिच्या सासूबाईही. घरी अभ्यास घ्यायला नातवंडे. वर्तमानपत्रांनी त्या गुलाबी लुगड्यांचे कौतुक केले, आणि ते रास्तच आहे. माझे लक्ष मात्र वेळेकडे आणि नातवंडांकडे गेले. आमच्या गावच्या मास्तरांनी पणजीला नुसते बसायला बोलावले होते, त्याचीच ही बहीण.

शिक्षक मित्रहो, तुमच्या गावात असा वर्ग असेल, किंवा उद्या काढायचा असेल, तर मला दोनच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वेळ ठरविताना यादीतल्या बाईला विचारू नका; तिच्या वाटणीचे काम त्या तासाला कोण करणार, हे घरच्यांना विचारा. आणि पहिले पुस्तक संपण्याच्या आत तिला वाचण्यासाठी खरोखरीचा एखादा मजकूर शोधून ठेवा. बचतगटाचे पासबुक असेल, दूधसंघाची चिठ्ठी असेल, नातवाची प्रगतिपुस्तिका असेल, पोथी असेल. हल्ली लेक परगावाहून मोबाइलवर निरोप पाठविते. तो तिने बोलून न पाठविता दोन ओळी लिहून पाठवावा, एवढे तिला सांगा. मोठी मोठी, सुटी सुटी अक्षरे काढायला आता पेनही लागत नाही.

आजी जाऊन आता काही वर्षे झाली. तिच्या पेटीत तीन पत्रे सापडली. दोन आजोबांची, मोठ्या अक्षरांतली. एक तिचे स्वतःचे, लिहून टाकायचे राहून गेलेले. त्यात म्हैस व्याल्याचे आहे, रेडी झाल्याचे आहे, ज्वारी बरी असल्याचे आहे. शेवटी ओळ सोडून, वेलांटी चुकवून, तिने विचारले आहे की दिवाळीला येणार असाल तर तसे सगळ्यांच्या पत्रात लिहू नका, मला वेगळे लिहा.